‘बट’ म्हणजे दर वेळी ‘पण’ नव्हे, मग काय?

प्रश्न : अमळनेरची शिक्षिका

मी अमळनेर तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवते आणि सुटीच्या दिवशी गावच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांचे व्याकरण घेते. ‘बट’ हे उभयान्वयी अव्यय मुलांना अगदी लहान वर्गात भेटते आणि त्याचा ‘पण’ हा अर्थ डोक्यात इतका पक्का बसतो की, पुढे तोच शब्द निराळ्या कामावर आलेला दिसला तरी हात आपोआप ‘पण’च लिहितो. सरावासाठी मी फळ्यावर एक वाक्य दिले होते : ‘देअर इज नो फार्मर इन रावेर बट नोज द प्राइस ऑफ बनानाज.’ एका हुशार मुलाने त्याखाली लिहिले, ‘रावेरात शेतकरी नाही, पण त्याला केळीचा भाव माहीत आहे.’ हे त्याचे त्यालाच पटले नसावे, कारण शेजारी पेन्सिलीने बारीक प्रश्नचिन्ह काढून ठेवले होते.

अशी आणखीही वाक्ये आहेत. ‘इट नेव्हर रेन्स बट इट पोअर्स’ ही म्हण, ‘ही इज बट अ चाइल्ड’, ‘आय कॅनॉट बट ॲग्री’, ‘द वेल हॅज ऑल बट ड्राइड अप’, ‘बट फॉर द गिरणा वॉटर, द क्रॉप वुड हॅव विदर्ड’. बाजारातील मार्गदर्शकांत ‘येथे बट म्हणजे फक्त’, ‘येथे बट म्हणजे शिवाय’, ‘येथे बट म्हणजे जवळजवळ’ अशी यादी दिलेली असते. मुले ती पाठ करतात आणि परीक्षेच्या दालनात एकाचा अर्थ दुसऱ्याला लावून मोकळी होतात. या सगळ्या वापरांच्या मागे एखादे समान सूत्र आहे काय, आणि असल्यास ते मराठीतून शिकलेल्या मुलांना कसे समजावून सांगावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर : तापीकाठ

ताई, सूत्र आहे. परंतु ते दिसण्यासाठी शब्दाकडे उलट्या टोकाने पाहावे लागते. आपण ‘पण’ हा मूळ अर्थ धरतो आणि बाकीचे अर्थ अपवाद समजतो. इतिहासाचा क्रम नेमका याच्या विरुद्ध आहे. जुन्या इंग्रजीत हा शब्द ‘बूटन’ असा होता. त्यात आजचे ‘बाय’ आणि ‘आउट’ या दोघांचे पूर्वज एकत्र आले आहेत आणि त्याचा अर्थ ‘बाहेर’, ‘बाहेरच्या बाजूला’ असा होता. जे बाहेर ठेवले ते वगळले, म्हणून पुढे ‘वगळून’, ‘खेरीज’, ‘वाचून’ हे अर्थ आले. ‘एवढे वगळले तर’ या वाटेने अखेरीस दोन वाक्यांतील विरोध दाखवणारा ‘पण’ तयार झाला. म्हणजे आपण ज्याला अपवाद म्हणतो ते घरातील वडीलधारे आहेत आणि ‘पण’ हे शेंडेफळ आहे.

‘बाहेर’ हा अर्थ स्कॉटलंडमध्ये फार काळ टिकून राहिला. तेथील दोन खोल्यांच्या जुन्या घराला ‘बट अँड बेन’ म्हणतात. ‘बट’ म्हणजे दारातून आत येताच लागणारी, स्वयंपाकाची बाहेरची खोली आणि ‘बेन’ म्हणजे आतली खोली. आपल्याकडच्या धाब्याच्या घरात पुढची खोली आणि मागची खोली असते तसेच ते समजावे, फरक इतकाच की त्यांची चूल पुढच्या खोलीत आहे. ‘अबाउट’ या शब्दाच्या पोटातही हाच ‘बूटन’ दडलेला आहे, कारण त्याचा मूळ अर्थ ‘बाहेरून सभोवार’ असा होता.

आता हे सूत्र आपल्या वाक्यांना लावून पाहू. ‘ऑल बट टू ऑफ द ट्रेन्स स्टॉप ॲट भुसावळ’ : दोन गाड्या बाहेर ठेवा, उरलेल्या सर्व थांबतात. येथे तो शब्दयोगी अव्ययाचे, म्हणजे प्रिपोझिशनचे काम करतो. ‘लास्ट बट वन’ हा प्रयोगही याच कुळातला. समजा एखादी गाडी चाळीसगाव, जळगाव आणि भुसावळ एवढ्याच ठिकाणी थांबते आणि भुसावळला संपते. शेवटचा एक थांबा बाहेर ठेवला की जो शेवटचा उरतो तो जळगाव, म्हणून जळगाव हा ‘द लास्ट स्टॉप बट वन’. (येथे ‘स्टॉप’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे, ‘स्टेशन’ म्हटले असते तर पॅसेंजरने जाणाऱ्यांनी मध्ये भादली आहे याची आठवण करून दिली असती.)

‘ही इज बट अ चाइल्ड’ यातील ‘फक्त’ हा अर्थ कोठून आला, हे मुलांना सांगण्यासारखे आहे. जुन्या भाषेत असे वाक्य नकारासह येत असे, म्हणजे ‘तो पोराखेरीज दुसरे काही नाही’. वापरता वापरता त्यातील नकार गळून पडला आणि नकारासह मिळून होणारा ‘फक्त’ हा अर्थ एकट्या ‘बट’च्या अंगी चिकटून राहिला. यॉर्कशरच्या बोलीत ‘फक्त’ या अर्थी ‘नॉबट’ असा शब्द आहे. त्यात गळालेला नकार अजून जागेवर दिसतो. क्रियाविशेषण म्हणून होणारा हा वापर आज थोडा ग्रांथिक वाटतो आणि बोलण्यात त्याची जागा ‘ओन्ली’ने घेतली आहे.

खरी अडचण म्हणीची आणि ‘कॅनॉट बट’ची असते, आणि गंमत अशी की नेमके तेथेच मराठी मूल इंग्रजी माध्यमाच्या मुलापेक्षा सोयीच्या जागी उभे असते. आपल्याकडे ‘-ल्यावाचून’ ही रचना रोजच्या बोलण्यात आहे : ‘सांगितल्यावाचून तो ऐकत नाही’, ‘हसल्यावाचून राहवले नाही’. इंग्रजी वाक्यात ‘बट’च्या आधी ‘नो’, ‘नेव्हर’, ‘नॉट’, ‘कॅनॉट’ असा नकार दिसला की ‘पण’ लिहिण्याआधी ‘वाचून’ लावून पाहण्याची सवय मुलांना लावावी. ‘इट नेव्हर रेन्स बट इट पोअर्स’ : कोसळल्यावाचून पाऊस कधी पडत नाही, म्हणजेच पडला की कोसळतोच. संकटे एकामागून एक येतात तेव्हा ही म्हण वापरतात. आपण त्या वेळी ‘दुष्काळात तेरावा महिना’ म्हणतो. ‘आय कॅनॉट बट ॲग्री’ : सहमत झाल्यावाचून मला राहवत नाही. दोन्ही भाषांत दोन नकार एकमेकांना खातात आणि होकार उरतो.

‘बट फॉर’ हा प्रयोग मुलांना लवकर समजतो. ‘गिरणेचे पाणी नसते तर पीक सुकून गेले असते’ असे सरळ भाषांतर होते. मात्र त्याच्या पुढच्या वाक्यात ‘वुड हॅव’सारखे संकेतार्थी रूप येते, एवढे त्यांच्याकडून घटवून घ्यावे.

उत्तर : पांझरेकडील परीक्षार्थी

सरांनी सांगितलेले सूत्र मला पटले. मी धुळ्यात अभ्यास करतो आणि वस्तुनिष्ठ प्रश्नांच्या दृष्टीने जेथे गुण जातात अशा काही जागा येथे जोडतो.

पहिली जागा ‘ऑल बट’ची. त्याचे अर्थ दोन आहेत आणि प्रश्न काढणाऱ्याला ते ठाऊक असतात. ‘ऑल बट थ्री वेल्स ड्राइड अप’ म्हणजे तीन विहिरी सोडून सगळ्या आटल्या. ‘द वेल हॅज ऑल बट ड्राइड अप’ म्हणजे विहीर जवळजवळ आटली आहे, तळाला थोडे पाणी अजून आहे. ओळखण्याची खूण सोपी आहे : ‘ऑल बट’च्या पुढे नाम किंवा संख्या आली तर ‘वगळून’, क्रियापद किंवा विशेषण आले तर ‘जवळजवळ’. सरांच्या सूत्राने पाहिले तर दुसऱ्या वाक्यातही वगळणेच आहे. आटण्याच्या वाटेवरचे सर्व काही झाले, फक्त शेवटचे पूर्ण आटणे तेवढे बाहेर राहिले.

दुसरी जागा ‘नथिंग बट’ आणि ‘एनीथिंग बट’ या जोडीची. ‘ही इज नथिंग बट अ फूल’ म्हणजे तो निव्वळ मूर्ख आहे. ‘ही इज एनीथिंग बट अ फूल’ म्हणजे त्याला दुसरे काहीही म्हणा, मूर्ख म्हणू नका. घाईत वाचताना दोन्ही सारखीच भासतात, पण एकात शिवी आहे आणि दुसऱ्यात प्रशस्तिपत्र आहे.

तिसरी जागा सर्वनामाच्या विभक्तीची. ‘नोबडी बट हिम केम’ लिहावे की ‘नोबडी बट ही केम’? (उदाहरणात ‘हिम’ मुद्दाम घेतले आहे, देवनागरीत इंग्रजी ‘मी’ लिहिले तर आपल्या ‘मी’शी त्याचा असा गोंधळ होतो की बरोबर उत्तरही चुकीचे वाटू लागते.) ‘बट’ला प्रिपोझिशन मानले तर त्यापुढे कर्मरूप, म्हणजे ‘हिम’, आले पाहिजे. त्याला कंजंक्शन मानणारे जुन्या वळणाचे लोक कर्त्याच्या जागी ‘ही’ लिहीत. वाक्याच्या शेवटी मात्र वादाला फारशी जागा उरत नाही. ‘एव्हरीवन केम बट हिम’ असेच आज सर्वसाधारणपणे लिहितात. परीक्षेत मी ‘हिम’वर खूण करतो.

चौथी जागा क्रियापदाच्या वचनाची. ‘नथिंग बट स्टोन्स वॉज फाउंड’ यात कर्ता ‘नथिंग’ आहे, ‘स्टोन्स’ नव्हे. म्हणून दगड कितीही असले तरी क्रियापद एकवचनी राहते. ‘नो वन बट हिज ब्रदर्स नोज’ येथेही तसेच.

सरांना एक शंका विचारतो. रावेरच्या शेतकऱ्याच्या वाक्यात ‘बट’ हे रिलेटिव्ह प्रोनाउन आहे असे आम्हाला शिकवले आहे. आपण त्याविषयी काही लिहिले नाही.

उत्तर : तापीकाठ

त्यावर मुद्दामच लिहिले नव्हते, कारण तेथे नावावरून वाद आहे आणि ताईंचा प्रश्न अर्थाचा होता. विषय निघालाच आहे तर सांगतो.

परंपरागत शालेय व्याकरण असे मांडते : ‘देअर इज नो फार्मर बट नोज’ याचा अर्थ ‘हू डझ नॉट नो’ असा होतो, म्हणजे ‘बट’ येथे ‘हू’ आणि ‘नॉट’ या दोघांचे काम एकटा करतो, आणि म्हणून तो संबंधी सर्वनाम आहे. काही शब्दकोशही त्याची अशीच नोंद करतात. दुसरा पक्ष म्हणतो की, सर्वनाम होण्याचे एकही लक्षण या शब्दात नाही. ‘हू’चे ‘हूम’, ‘हूज’ होते. ‘बट’चे काही होत नाही. त्यांच्या मते हे उभयान्वयी अव्ययच आहे आणि त्यापुढचा कर्ता तेवढा गाळलेला आहे. ‘नो फार्मर, बट ही नोज’ असे वाक्य मनात पूर्ण करा. म्हणीतील ‘बट इट पोअर्स’ आणि हे वाक्य यांची बांधणी अगदी सारखी निघते, आणि एकाच बांधणीला दोन ठिकाणी दोन नावे देण्याची गरज उरत नाही. मला स्वतःला हा दुसरा पक्ष अधिक सरळ वाटतो. उत्तरपत्रिकेत मात्र पर्यायांत रिलेटिव्ह प्रोनाउन दिले असेल तर त्यावरच खूण करावी. तेथे आपले मत मांडायला जागा नसते.

नाव कोणतेही द्या, एक गोष्ट दोन्ही पक्षांना मान्य आहे : या ‘बट’मध्ये नकार आधीच बसलेला असतो, त्यामुळे त्यापुढे पुन्हा ‘नॉट’ लिहिले की अर्थ उलटतो. ‘बट डझ नॉट नो’ असे लिहिले तर ‘भाव माहीत असलेला शेतकरी रावेरात एकही नाही’ असे म्हटल्यासारखे होईल. रावेरच्या बाजारात ते वाक्य कोणी ऐकून घेणार नाही. वाचूनची कसोटी येथेही लागू पडते : केळीचा भाव ठाऊक असल्यावाचून रावेरात शेतकरी नाही, म्हणजेच ज्याला भाव ठाऊक नाही असा शेतकरी रावेरात नाही.

ही रचना आता जुन्या पुस्तकांत आणि प्रश्नपत्रिकांतच जास्त आढळते. मुलांना ती ओळखता आली म्हणजे पुरे. स्वतःच्या निबंधात वापरायला सांगू नये.

उत्तर : शहाद्याचा भाषांतरकार

मी इंग्रजी नोटिसा, परिपत्रके आणि करारपत्रे मराठीत आणण्याचे काम करतो. आतापर्यंतची चर्चा मुख्यतः ‘खेरीज’ या अर्थाभोवती झाली; परंतु माझ्या टेबलावर सर्वाधिक चुका होतात त्या ‘नॉट… बट’ या साध्या दिसणाऱ्या जोडीत, म्हणून तेवढ्यावर थोडे लिहितो.

‘ॲप्लिकेशन्स शुड बी सबमिटेड नॉट बाय पोस्ट बट इन पर्सन.’ याचे भाषांतर ‘अर्ज टपालाने नाही पण समक्ष द्यावेत’ असे केलेले मी अनेकदा पाहिले आहे. प्रत्येक शब्दाला शब्द आहे, तरी ते मराठी नव्हे. मराठीत येथे ‘नव्हे, तर’ लागते : ‘अर्ज टपालाने नव्हे, तर समक्ष द्यावेत.’ कारण ‘पण’ दोन खऱ्या गोष्टींमधील विरोध दाखवतो, जसे ‘पाऊस झाला, पण पेरणी झाली नाही’. ‘तर’ मात्र पहिली गोष्ट पुसून तिच्या जागी दुसरी ठेवतो. हिंदीत या दुसऱ्या कामाला ‘बल्कि’ आहे. जर्मन भाषेतही पहिल्या कामाला ‘आबर’ आणि दुसऱ्याला ‘झॉन्डर्न’ असे दोन स्वतंत्र शब्द आहेत. इंग्रजीने दोन्ही कामे एकट्या ‘बट’वर टाकली आहेत. ‘नॉट ओन्ली… बट ऑल्सो’ यातही तोच आहे. तेथेही ‘केवळ… नव्हे, तर… सुद्धा’ असे आपण बिनचूक लिहितो, कारण ती जोडी शाळेत पाठ झालेली असते. एकट्या ‘नॉट… बट’ला तो मान मिळत नाही.

ताईंना वर्गात उपयोगी पडेल असे आणखी एक सुचवतो. एका शब्दाने ‘फक्त’ही म्हणावे आणि ‘पण’ही म्हणावे, हे मुलांना इंग्रजीचे खूळ वाटते. त्यांना आपला ‘मात्र’ दाखवावा. ‘नाममात्र शुल्क’ यात तो ‘फक्त’ आहे आणि ‘सगळे आले, तो मात्र आला नाही’ यात त्याच्या अंगात ‘पण’ आला आहे. तसेच ‘बाकी’ पाहा. हिशेबात बाकी म्हणजे वजा करून उरलेले, आणि तोच शब्द ‘चिडका आहे, बाकी माणूस चांगला’ यात दोन वाक्ये जोडतो. आपल्या व्याकरणाच्या पुस्तकांत न्यूनत्वबोधक उभयान्वयी अव्ययांत पण, परंतु, परी यांच्या पंक्तीला ‘बाकी’ बसवलेली असते, याकडे सहसा लक्ष जात नाही. वगळण्यातून आणि उरण्यातून ‘पण’ निघतो हे इंग्रजीत घडले, तसेच थोडेसे आपल्या घरातही घडले आहे.

‘बट’ वाक्याच्या शेवटी टाकण्याची रीतही आहे. ग्लासगोकडे, उत्तर आयर्लंडमध्ये आणि ऑस्ट्रेलियात बोलताना ‘इट वॉज अ गुड मॅच, बट’ असे म्हणतात आणि तेथेच थांबतात. पुढे काही यायचे राहिले आहे असे नसते; तो ‘दो’चा, म्हणजे आपल्या ‘तरी’चा अर्थ असतो. प्रमाण लेखनात हे चालत नाही. ‘मी सांगितले होते पण’ असे वाक्य शेवटी ‘पण’ ठेवून आपणही बोलतोच, त्यामुळे मुलांना ते विचित्र वाटणार नाही.

एका गोष्टीची सूचना देऊन ठेवतो. मराठीत ‘पण’ हा ‘सुद्धा’ या अर्थीही येतो, ‘मी पण येतो’. शहरी मुले कधी कधी त्याचेही ‘बट’ करतात. ज्यांच्या घरी अहिराणी बोलली जाते ती मुले ‘मी बी येस’ म्हणत वाढलेली असतात. ‘सुद्धा’चे काम त्यांच्याकडे ‘बी’ने उचललेले असल्यामुळे त्यांची ही चूक मला कमी दिसली आहे. आपल्या भागातील शिक्षकांनी याचा फायदा करून घ्यावा.

उत्तर : अमळनेरची शिक्षिका

सर्वांची आभारी आहे. वाचूनची कसोटी आणि ‘मात्र’चे उदाहरण मी या आठवड्यातच वर्गात घेते. दोन शंका उरल्या आहेत. ‘देअर इज नो डाउट बट दॅट ही विल कम’ याला वाचूनची कसोटी लावली तर अर्थ लागत नाही. एका मुलीने तर ‘बट’मध्ये नकार बसलेला असतो हे धरून ‘तो येणार नाही’ असा अर्थ काढला. दुसरे, ‘ही हॅड नो चॉइस बट टू सेल द लँड’ यात ‘टू’ आहे आणि ‘ही डिड नथिंग बट कम्प्लेन’ यात तो नाही. याला काही नियम आहे काय?

उत्तर : तापीकाठ

त्या मुलीचे तर्कशास्त्र निर्दोष आहे. दोष वाक्याचा आहे. ‘डाउट’ या शब्दातच नकाराचा अंश असल्यामुळे तेथे जुन्या काळापासून ‘बट दॅट’ हे नुसत्या ‘दॅट’च्या जागी वापरले गेले आणि त्यातील नकार निकामी झाला. ‘तो येईल यात शंका नाही’ एवढाच अर्थ घ्यावा आणि वाचूनची कसोटी ‘डाउट’पुरती बाजूला ठेवावी. लिहिताना ‘देअर इज नो डाउट दॅट’ हेच लिहावे. ‘बट दॅट’ दुसऱ्या वाक्यात आले तर मात्र ते पुन्हा ‘नसते तर’च्या कामाला लागते : ‘आय वुड हॅव कम बट दॅट आय वॉज इल’, म्हणजे आजारी नसतो तर आलो असतो. येथे मुले ‘बट दॅट आय हॅड नॉट बीन इल’ लिहितात. ते चूक आहे, कारण ‘बट दॅट’पुढे प्रत्यक्ष घडलेली गोष्ट जशीच्या तशी येते.

‘टू’विषयीचा नियम सोपा आहे. ‘बट’च्या आधी ‘डू’चे कोणतेही रूप क्रियापद म्हणून आले असेल तर पुढे ‘टू’ लावत नाहीत : ‘डिड नथिंग बट कम्प्लेन’. ‘चॉइस’, ‘ऑप्शन’, ‘ऑल्टर्नेटिव्ह’ अशी नामे आली तर ‘टू’ लागतो : ‘नो चॉइस बट टू सेल’. ‘कॅनॉट बट’च्या पुढेही ‘टू’ नाही. ‘आय कॅनॉट हेल्प लाफिंग’ आणि ‘आय कॅनॉट बट लाफ’ या दोन प्रयोगांच्या मिश्रणातून ‘आय कॅनॉट हेल्प बट लाफ’ असा तिसरा तयार झाला आहे. पूर्वी काटेकोर लोक त्याला नाक मुरडत असत, आता तो सर्रास चालतो, विशेषतः अमेरिकेत. त्यातही ‘लाफ’च येते, ‘टू लाफ’ किंवा ‘लाफिंग’ नाही.